आणीबाणी उठेपर्यंत

आंधळगाव,
१२ डिसेंबर १९७१

चि. मोतीलालले तुह्या मोठ्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद. कौशल्या अन् लेकरं बरी असतील.

खबर अशी, का काल दुपारी जीप आली अन् आपली छपरी सरकारनं घेतली. कलेक्टर ऑफिसचे दोघं अन् एक पोलीस होता. दाराले कुलूप लावलं, त्यावर कापड गुंडाळून लाख लावली अन् माह्या हातात कागद देल्ला. मी चौथी शिकलेली, पण ते सरकारी मराठी वाचता वाचता माहे डोळे फिरले. एवढंच समजलं, का पाकिस्तानाशी लढाई लागली, देशात आणीबाणी आहे, अन् आणीबाणी उठेपर्यंत छपरी सरकारची.

तू भंडाऱ्याले त्याच ऑफिसात बसते म्हून तुलेच विचारून राहिली. आंधळगावात एवढे सेठ आहेत, त्यांचे धानाचे गोदाम आहेत, मंग विधवा बाईची छपरीच काहून दिसली सरकारले? तुह्या भाटव्यानं, माह्या घरवाल्यानं, ती काही गाई बांधाले नव्हती बांधली. बेचाळीस हात लांब, अन् मधात एक खांब नाही. कोशाच्या रेशमाचा लांब ताणा सरळ पसरून तांदळाची खळ लावाले अख्ख्या गल्लीत तेवढीच जागा होती. आता थंडीत आम्ही बाहेर उघड्यावर ताणा लावू. पावसात काय करू? धागा भिजला का तुटला, अन् ताणा नाही त माग बंद.

जवान तिकडे जीव देऊन राहिले, मी काही छपरीसाठी गळा काढून बसली नाही. पण लढाई सरली का वापस भेटते का नाही, तेवढं खात्रीनं लिही. माहा धनीराम सोळाचा झाला, नुकताच मागावर बसाले लागला. बाप गेल्यापासून त्याचं मन कुठं लागत नव्हतं, आता कुठं लागलं. त्याचं मन उडालं त मी एकटी काय करू.

तुही बाई,
सत्यवती


भंडारा,
२० डिसेंबर १९७१

ती. बाईस मोतीलालचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. लढाई संपली, रेडिओवर ऐकलंच असशील. चौदा दिवसांत निकाल लागला. आता आणीबाणी उठायला महिना, फार तर दोन. असले हुकूम घाईत निघतात आणि काम झालं की रद्द होतात.

तुझीच छपरी का, हे मला सांगता येणार नाही. यादी वरून येते. मी कारकून माणूस, समोर येईल त्याची नक्कल करतो. आत काय ठेवणार तेही विचारू नकोस. लढाईच्या कामाचं असतं, त्याची वाच्यता करायची नसते.

एक मात्र सांभाळ. कुलपाला, लाखेला कोणी हात लावता कामा नये. भारत संरक्षणाचा कायदा लागू आहे, सरळ आत टाकतात, जामीन मिळत नाही. धनीरामला नीट समजावून सांग. तो भाटव्यांसारखाच तापट आहे.

तुझा,
मोतीलाल


आंधळगाव,
९ जुलै १९७२

चि. मोतीलालले आशीर्वाद.

दोन महिने म्हणला होता तू. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आता पाऊस लागून राहिला अन् कुलूप तिथंच आहे. सिमल्याले दोन्ही देशांचा करार झाला म्हणते. शेजारच्या कुंताबाईच्या घरवाल्यानं पेपरातला फोटो दाखवला. मंग आता आणीबाणी कोणासंग चालू आहे, तेवढं तुह्या साहेबाले विचार.

परवा दोन ताणे गेले. सकाळी आभाळ साफ होतं म्हून गल्लीत लावले. खळ लावून अर्धं झालं अन् सर आली. मी, धनीराम, कुंताबाई, सारे धोतरं-लुगडी घेऊन धागा झाकाले धावलो. काही हाती नाही आलं. धनीराम त्या चिखलात तसाच बसून राहिला, जेवाले सुद्धा उठला नाही.

अन् आत काय आहे ते तू नाही सांगत, पण आम्हाले समजलं. बारूद आहे. बारुदीचा कारखाना भंडाऱ्याजवळ, मंग इथं दुसरं काय ठेवतील? माल उतरवताना कोणी पाहिला नाही, पण मिलिटरीचं काम असंच राहत असेल. गल्लीनं ठरवलं, छपरीच्या आसपास आग नाही. कुंताबाईची चूल भिंतीले लागून होती, ते बिचारी आता मागच्या अंगणात भिजत रांधते. होळी यंदा देवळामागं नेली. खळ शिजवाले मी तलावाच्या पाळीवर जाते अन् गरम खळीचा गंज डोक्यावर घेऊन वापस येते. कोणी बिडी ओढत निघाला त धनीराम त्याच्या अंगावर जाते. सरकारनं आपल्या भरवशावर ठेवलं आहे त सांभाळाव लागते. पण कधीपर्यंत, ते कळव.

सत्यवती


भंडारा,
१ ऑगस्ट १९७२

ती. बाईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसात लक्ष लागलं नाही. बारूद आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. तुम्ही सांभाळता ते चांगलंच आहे.

आणीबाणीचं असं आहे, ती आपोआप उठत नाही. लढाई संपली म्हणून संपत नाही. दिल्लीने उठवावी लागते, आणि दिल्लीने अजून उठवलेली नाही. ती चालू आहे तोवर कायदा चालू, आणि कायदा चालू तोवर हुकूम चालू. साहेबांनाही त्यात काही करता येत नाही. यंदा उठेल असं सगळे म्हणतात.

सोबत अर्जाचा कागद पाठवतो. सही करून माझ्याकडेच पाठव. टपालाने साहेबांकडे परस्पर पाठवू नकोस, गहाळ होतो. भाऊबीजेला येईनच.

मोतीलाल


आंधळगाव,
५ नोव्हेंबर १९७३

चि. मोतीलालले आशीर्वाद.

तू भाऊबीजेले येऊन गेला अन् माह्या जिवाले घोर लागला. काय हाल करून घेतले रे तू? पाटावर बसला त दाराकडे पाठ करून. अनारसे नाही खाल्ले, पाणी पिल्लं अन् निघाला. छपरीकडे एकदा सुद्धा पाहिलं नाही. कुंताबाई म्हणे, बहिणीचं दुःख पाहवत नाही भावाले.

माह्यापायी तू साहेबासंग रोज भांडत असशील, ते मले समजते. नको भांडू. नोकरी जाईल. माहे तीनही अर्ज तुह्याजवळ आहेत, जे व्हाचं ते होईल. यंदा पावसात चार महिने माग बंद होता, आम्ही धानाच्या रोवणीले गेलो. धनीरामले चिखलात रोवणं जमते, पण मन नाही लागत त्याचं. तो म्हणते, मी विणकराचा पोरगा आहे. तब्येतीले जप.

सत्यवती


आंधळगाव,
१७ जून १९७५

चि. मोतीलालले आशीर्वाद.

आता स्पष्ट लिहिते. लढाई चौदा दिवसांची अन् आणीबाणी साडेतीन वर्षांची, हा हिशेब माह्या डोक्यात बसत नाही. धनीरामनं सांगतलं, पाऊस लागाच्या आत छपरी भेटली त राहते, नाही त भिलाईले जाते. तिथं कारखान्यात त्याचा एक दोस्त लागला आहे. गेला का तो वापस नाही येणार, ते मले माहीत आहे अन् तुलेही माहीत आहे. तुह्या भाटव्याच्या, श्यामरावाच्या घरचा माग त्याच्यासंगच सरते.

म्हून ठरवलं. येत्या आयतवारी भर सकाळी, साऱ्या गल्लीसमोर, आम्ही आत जातो. लाखेले हात नाही लावत. मागून छताचे कवेलू काढून धनीराम खाली उतरते. बारूद किती आहे ते पाहतो, अन् एका कोपऱ्यात सरकवून बाकीची जागा आम्हाले द्या म्हून सरकारले लेखी कळवतो. चोरी नाही करत, लपूनही नाही करत. तू आमच्या बाजूनं साहेबाजवळ बोल. तुह्याशिवाय माह्यासाठी बोलणारं तिथं कोण आहे.

सत्यवती


भंडारा,
२१ जून १९७५, शनिवार

ती. बाई,

तुझं पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. आजची गाडी गेली, म्हणून ही चिठ्ठी उद्या पहाटेच्या आंधळगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. देवाशपथ, उद्या कोणालाही आत उतरू देऊ नकोस. धनीरामला घरात कोंडून ठेव. कायद्याखाली आहे ती जागा. पोराला धरलं तर त्याचं आयुष्य जाईल, आणि तेही कशासाठी, ते सांगतो.

आत काय आहे मला ठाऊक आहे. काही नाही. एक पोतंसुद्धा कधी गेलं नाही.

त्या डिसेंबरात साहेबांनी सांगितलं, लढाईच्या सामानासाठी सात लांब जागा हव्यात, पाहणी करून पाच वाजेपर्यंत यादी टेबलावर पाहिजे. सहा जागा मिळाल्या होत्या. सातवी बघायला जायला वेळ नव्हता, जीप नव्हती. भाटव्यांबरोबर त्या छपरीवर कवेलू चढवायला मी होतो. बेचाळीस हात मला तोंडपाठ होते. मी टेबलावर बसून ते लिहिलं आणि खाली 'पाहणी केली' म्हणून सही केली. वाटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, बाईला सांगायचीही गरज पडणार नाही.

यादी वरून आली नव्हती, बाई. मी लिहिली होती.

नंतर ती जागा लागलीच नाही. रिकामी आहे, सोडा, असं लिहिलं असतं तर पाहणी कोणी केली हे आधी विचारलं असतं. नोकरी गेली असती. म्हणून मी आणीबाणी उठायची वाट पाहत राहिलो. उठली की सातही जागा एका हुकमात सुटतील, माझं नाव कुठे येणार नाही, असा माझा हिशेब होता. दर सहा महिन्यांनी वाटायचं, आता उठेल. तुझे तिन्ही अर्ज माझ्या खणात आहेत. पुढे गेलेच नाहीत.

मी स्वतः यायला हवं होतं. पाय उचलत नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण धनीरामला उतरू देऊ नकोस.

मोतीलाल


भंडारा,
२७ जून १९७५

बाई,

तुझं काहीच कळलं नाही. चिठ्ठी मिळाली का? उतरले का ते? मले लवकर कळव, माहा जीव थाऱ्यावर नाही.

काल सकाळपासून दुसरी आणीबाणी लागली. ही देशातल्या गडबडीसाठी आहे म्हणतात. ऑफिसात एकाने विचारलं, पहिली कधी उठली? पहिली उठलीच नव्हती, तिच्यावर ही आली. माणसं धरून नेताहेत. आमच्या ऑफिसात कोणी मान वर करून बोलत नाही. जुने हुकूम तपासा, कोणी मोडले असतील तर नावं द्या, असं वरून आलं आहे.

माझी सगळी पत्रं जाळून टाक. तुझी मी जाळली.

मोतीलाल


आंधळगाव,
६ जुलै १९७५

मोतीलाल,

तुही चिठ्ठी सोमवारी भेटली. कंडक्टर आयतवारी सुट्टीवर होता. आम्ही तवर उतरून आलो होतो.

काय झालं ते आईक. धनीराम दोर धरून खाली गेला. वरून मी विचारलं, काय दिसते? तो भिंतीनं चाचपत फिरला. मंग म्हणे, माय, इथं काहीच नाही. मले वाटलं अंधारात दिसत नसेल. मी स्वतः शिडी लावून उतरली, या वयात. कोऱ्या भुईवर वारूळ चढलं होतं, अन् तुह्या भाटव्यानं ठोकलेल्या खुंट्या जशाच्या तशा होत्या. बाकी एक चिंधी नव्हती. पाठोपाठ कुंताबाई उतरली. ते चारी कोपरे फिरून आली अन् हसाले लागली. हसता हसता खाली बसली अन् मंग रडाले लागली. तीन पावसाळे त्या बाईनं भिजत चूल पेटवली रे, या रिकाम्या खोलीपायी. मी डोक्यावर गरम खळ वाहिली. अन् आम्हाले त्याचा अभिमान वाटे. वाटे, देशाची काही जोखीम आपल्याजवळ आहे.

त्या दिवशी माहा सारा राग सरकारवर होता. म्हणलं, सरकार आंधळं आहे, तुले बिचाऱ्याले काय माहीत. दुसऱ्या दिवशी तुही चिठ्ठी वाचली. धनीरामनं वाचली अन् माह्या हातात देल्ली.

शनिवारी पोलीस आला. नवे कवेलू दिसून राहिले, कोण चढलं होतं म्हणे. सारी गल्ली म्हणाली, वांदरं फार झाले साहेब, रोज कवेलू फोडतात. त्यानं धनीरामकडे पाहिलं, दोरानं सोललेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं. उद्या ठाण्यावर ये म्हणे. मी त्याच दुपारी पोराले वरठी टेसनाले नेलं अन् भिलाईच्या गाडीत बसवलं. तो जात नव्हता. आता म्हणे, माय, जागा रिकामीच आहे, आपण लढू. मीच त्याले ढकललं. ज्याच्यासाठी छपरी पाहिजे होती, त्याले मी माह्या हातानं घालवलं, तुह्या एका सहीपायी.

तू तीनदा माह्या पाटावर बसला. मी तुले ओवाळलं. तुह्या तब्येतीची चिंता केली. अन् तू दाराकडे पाठ करून बसला होता. नोकरी जाईल म्हून भ्याला, ते मी समजू शकते. मले सांगतलं असतं त मी तुही नोकरी जाऊ देल्ली असती का? छपरीवर पाणी सोडलं असतं. पण तू मले वेडं बनवलं.

मी तुही पत्रं जाळत नाही. सारी डब्यात ठेवली आहेत.

आता माहा हुकूम आईक. आणीबाणी उठेपर्यंत माह्या दारात येऊ नको. राखी नाही, भाऊबीज नाही, पत्राले उत्तर नाही. दोन्ही उठल्या पाहिजेत, पहिली सुद्धा. तुलेही समजू दे, वाट कशी पाहाव लागते.

सत्यवती


आमगाव,
२ नोव्हेंबर १९७६

ती. बाईस नमस्कार.

उत्तर येणार नाही हे ठाऊक असून लिहितो. ही दुसरी भाऊबीज गेली.

ऑगस्टात मी साहेबांना लेखी दिलं. आंधळगावची जागा पाहणी न करता मी यादीत घातली, ती पहिल्यापासून रिकामी आहे, मालकिणीला परत करावी. सोबत तुझे तिन्ही अर्ज जोडले. साहेबांनी कागद वाचला आणि मला विचारलं, वेड लागलं का? दोन महिने घरी बसवलं, मग इकडे आमगावला बदली केली, एक पायरी खाली. कौशल्या बोलत नाही माझ्याशी. तिचं बरोबर आहे.

छपरीबद्दल उत्तर आलं, आणीबाणी चालू असल्याने विचार करता येत नाही.

धनीराम कसा आहे, एवढं तरी कोणाकडून कळव.

मोतीलाल


आमगाव,
२८ मार्च १९७७

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात नवी उठली. काल जुनीही उठवली, एकाहत्तर सालची. आज सकाळच्या बातम्यांत मी दोनदा ऐकलं, शेजाऱ्याकडूनही खात्री केली. आता एकही उरली नाही.

येऊ का?

मोतीलाल


आंधळगाव,
१३ एप्रिल १९७७

मोतीलालले आशीर्वाद.

आम्हीही ऐकलं. कागदाची वाट नाही पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंटा घेतला अन् कुलूप फोडलं, सारे पाहत होते, कोणी अडवलं नाही. दोन दिवस लागले वारूळ खणाले. भुई सारवली. आता छपरी होती तशी आहे.

धनीरामले पत्र टाकलं होतं, भिलाईचं उत्तर आलं. नोकरी पक्की झाली म्हणते, क्वार्टर भेटून राहिलं, माय तूच इकडे ये. छपरीचं एका ओळीत लिहिलं, चांगलं झालं म्हून. दोन वर्षांत त्याचे हात बदलले असतील. कोशाचा धागा आता त्याच्या बोटांना तुटते. त्याले वापस ये म्हणाची माही हिंमत नाही झाली. एवढ्या मोठ्या छपरीत मी एकटीच उभी होती काल, अन् खरं सांगते, मले तुहाच राग आला. अजून आहे.

तू साहेबाले लिहून देल्लं, ते वाचलं होतं मी. उत्तर नाही देल्लं, पण वाचलं होतं. त्यानं माहा पोरगा वापस नाही येत. तरी लिहून देल्लं ते बरं केलं. मी तुले माफ केलं का, ते मले विचारू नको. ते मले समजत नाही, समजलं त सांगीन.

पण लगनसराई तोंडावर आहे. दोन लुगड्यांचा धागा रंगवून पडला आहे. ताणा एकटीनं लागत नाही, दुसऱ्या टोकाले माणूस लागते. कुंताबाईचे हात आता कापतात. गल्लीतले पोट्टे सारे भिलाई-नागपूरले गेले. ज्याले ताणा धरता येते असा माह्या ओळखीचा एकच माणूस उरला, तो बारा वर्षांचा असताना माग सोडून शाळेत गेला अन् सरकारी कारकून झाला.

चार दिवसांची सुट्टी काढ अन् ये. पाहुणा म्हून नाही, कामाले ये. पहाटे, धागा गार असते तवा उभं राहाव लागते अन् खळ वाळेपर्यंत हात खाली करता येत नाही. जुनं धोतर आण, खळीचे डाग निघत नाहीत.

सत्यवती